एकाच तराजूत शैवाक आणि पिग्मी पोसम : लाल यादीचे निकष लावून बघताना

झाडाच्या सालीला चिकटून बसणारं शैवाक (लायकेन) आणि बर्फाखालच्या दगडांत झोपणारा मूठभर प्राणी यांची तुलना करायला एकच सबळ कारण आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीत, दोघांनाही तीच नियमावली लागते. तेच पाच निकष, तेच आकडे, त्याच तीन संकटश्रेणी : असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त. ठाणे-नवी मुंबईकडच्या येऊर, पारसिक, खारघर या भागांत सालीवरच्या शैवाकांच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या गटासमोर प्रश्न होता तो पुढचा : नोंदी जमल्या, आता यावरून एखादी जात धोक्यात आहे की नाही हे ठरवायचं कसं? नियमावली नुसती वाचून ते हाताला लागत नाही. दोन जाती शेजारी ठेवून रकाना-रकाना भरत गेलं की लागतं. खाली आहे तो त्या भरण्याचाच वृत्तांत, ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी.

जोडी निवडताना एक पथ्य पाळायचं : दोन्ही जातींवर भरपूर काम झालेलं हवं. कोलंबियाच्या अँटिओकिया प्रांतातला हँडलीचा ओपोसम नावाला आकर्षक आहे, पण तो मोजक्याच ठिकाणांहून माहीत आहे. रकाने भरायला घेतले की निम्मे कोरे राहतात. त्यापेक्षा ऑस्ट्रेलियातला डोंगरी पिग्मी पोसम, म्हणजे ब्यूरॅमिस पार्व्हस, शिकायला चांगला. वजन साधारण ४५ ग्रॅम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट ब्रूम यांनी त्याचं वर्णन केलं ते गुहेत सापडलेल्या जीवाश्मांवरून. जिवंत प्राणी सापडला थेट १९६६मध्ये, माउंट हॉथमवरच्या स्कीइंग करणाऱ्यांच्या लॉजमध्ये. आज तो अतिसंकटग्रस्त श्रेणीत आहे. त्याच्या शेजारी आम्ही ठेवलं फ्लोरिडाचं क्लॅडोनिया पर्फोराटा. पांढऱ्या वाळूवर उशीसारखं वाढणारं, पिवळसर राखाडी, फांद्यांच्या बेचक्यात भोकं असलेलं शैवाक. अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली १९९३मध्ये नोंदलं गेलेलं हे पहिलं शैवाक, आणि २००३मध्ये लाल यादीत आलेल्या पहिल्या दोन शैवाकांपैकी एक. श्रेणी संकटग्रस्त. दुसरं होतं एरिओडर्मा पेडिसेलाटम, उत्तरेच्या थंड, दमट जंगलांतल्या फर वृक्षांवरचं, आम्लपावसाला फार हळवं.

पहिला रकाना प्रसाराचा. जीबीआयएफ या जगभरच्या जीवनोंदींच्या खुल्या संकेतस्थळावरून नोंदी उतरवायच्या. शोध नेहमी शास्त्रीय नावाने घ्या. प्रचलित इंग्रजी नावाने घेतला तर अमेरिकेतले ओपोसम आणि ऑस्ट्रेलियातले पोसम एकाच ढिगात येतात, आणि ते दोन वेगळ्या गणांतले प्राणी आहेत. उतरवलेली फाइल जशीच्या तशी नकाशावर टाकायची नसते. पोसमच्या बाबतीत जीवाश्मांच्या नोंदी आधी गाळा, कारण त्या डोंगरांपासून पार दूरच्या वोम्बेयन गुहांतल्या आहेत आणि एकट्या त्या नोंदीमुळे सगळ्या बिंदूंभोवती काढायचा बहुभुज भलताच फुगतो. मग प्राणिसंग्रहालयातल्या नोंदी काढा. हील्सव्हिल अभयारण्यात या प्राण्याची पैदास होते, तो त्याचा अधिवास नव्हे. त्यानंतर शून्य अक्षांश-रेखांशाच्या आणि एकाच बिंदूवर पुन्हा पुन्हा आलेल्या नोंदी. सगळ्यात फसवी असते ती मुद्दाम अस्पष्ट केलेली नोंद. संकटग्रस्त जातींचं नेमकं ठिकाण आयनॅचरलिस्ट हे हौशी निसर्गनोंदींचं संकेतस्थळ झाकून ठेवतं आणि ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी बिंदू दाखवतं. म्हणजे खरं झाड आणि नकाशावरचा ठिपका यांत वीसेक किलोमीटरचं अंतर पडू शकतं. असे बिंदू बारीक गणिताला चालत नाहीत. ते वेगळ्या पानावर काढून ठेवायचे.

उरलेल्या नोंदी जिओकॅट या नकाशा-गणिताच्या ऑनलाइन साधनात टाकल्या की दोन आकडे मिळतात. एक, प्रसाराची व्याप्ती : सगळ्या बिंदूंभोवती बसणाऱ्या सर्वांत लहान बहिर्गोल बहुभुजाचं क्षेत्रफळ. दुसरा, व्यापलेलं क्षेत्र : २ × २ किमीच्या जाळीतले जितके चौकोन भरले, त्यांची संख्या गुणिले ४. व्याप्तीची मर्यादा अतिसंकटग्रस्तसाठी १०० चौ. किमीच्या खाली, संकटग्रस्तसाठी ५,००० आणि असुरक्षितसाठी २०,०००. व्यापलेल्या क्षेत्राची अनुक्रमे १०, ५०० आणि २,०००.

क्लॅडोनिया पर्फोराटा फ्लोरिडाच्या तीन टोकांना आहे : वायव्येच्या किनाऱ्यावर, मधल्या लेक वेल्स रिजवर आणि आग्नेयेच्या अटलांटिक किनाऱ्यावर. बहुभुज काढला की अर्धं राज्य आणि वर समुद्राचा मोठा तुकडा आत येतो. इथे नव्या माणसाचा हात समुद्र कापून टाकायला शिवशिवतो. कापायचा नाही. व्याप्ती हे अधिवासाचं माप नाही. एकाच संकटाचा घाला सगळ्या जातीवर पडण्याची शक्यता किती, याचं ते माप आहे, आणि दूरदूर पांगलेल्या जातीला तेवढा आधार मिळायलाच हवा. साहजिकच क्लॅडोनियाची व्याप्ती २०,०००च्या पुष्कळ पुढे जाते आणि तिथे ते कुठल्याच श्रेणीत बसत नाही. त्याला श्रेणी मिळते ती व्यापलेल्या क्षेत्रातून.

पोसमच्या रकान्यात नेमकी उलट चूक होते. त्याचा प्रत्यक्ष अधिवास, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे धोंड्यांचे ढीग, सगळे मिळून १० चौ. किमीच्याही आत भरतो असं वाचायला मिळतं. तो आकडा उचलून ‘व्यापलेलं क्षेत्र’ म्हणून भरला की चुकलं. मर्यादेचे आकडे २ किमीच्या जाळीसाठी ठरवलेले आहेत. मोजपट्टी बारीक केली की क्षेत्र आपोआप कमी भरतं आणि मग जगातली जवळपास प्रत्येक जात अतिसंकटग्रस्त ठरेल. शैवाकाला तर हे आणखी लागू, कारण तिथे खरं क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. जाळी सरकवली तर भरलेले चौकोन कमीजास्त होतात, हेही करून बघा. पाचशे मीटरच्या अंतरात तीन झाडं असतील तर ती एका चौकोनात येतील किंवा दोनांत. क्षेत्र ४ भरेल किंवा ८. नियम सांगतो की जाळीच्या वेगवेगळ्या जागांतून येणारा सर्वांत लहान आकडा घ्यावा.

आता हेच ठाण्यात करून बघू. समजा, एक शैवाक येऊर, पारसिक आणि खारघर टेकडी अशा तीन ठिकाणी मिळालं. तिन्ही बिंदू जोडले तर त्रिकोण १०० चौ. किमीच्या आत बसतो. झालं, अतिसंकटग्रस्त! असं होत नाही. व्याप्ती त्या जातीच्या जगभरच्या प्रसारावरून काढायची असते. आपल्याकडे सर्रास दिसणारी पिक्सिन कोकोस ही जात उष्ण कटिबंधात दूरवर पसरलेली आहे. ठाण्यापुरता नकाशा काढून तिला धोक्यात ढकलणं म्हणजे आपल्या फिरण्याची व्याप्ती मोजणं. प्रादेशिक मूल्यांकन करता येतं, पण त्याचे नियम वेगळे आहेत : बाहेरून बीजाणू किंवा तुकडे येऊन जात पुन्हा रुजण्याची शक्यता असेल तर श्रेणी खाली उतरवावी लागते. दुसरी बाब शोधाच्या कष्टांची. जिथे पाहिलंच नाही तिथे ‘नाही’ लिहायचं नसतं. यासाठी नोंदवहीत न सापडलेल्या झाडांचाही रकाना हवा, झाडाच्या जातीसकट.

दुसरा रकाना, आणि सगळ्यात अवघड : प्रौढ व्यक्ती किती. पोसमसाठी निदान ‘एक’ म्हणजे काय यावर वाद नाही. ॲल्युमिनियमचे घडीचे एलियट सापळे धोंड्यांच्या फटींत ठेवतात, आमिष म्हणून अक्रोड, आत ऊब राहावी म्हणून मऊ भरण, आणि उजाडताना तपासणी, कारण थंडीत हा एवढासा जीव सापळ्यात जास्त वेळ तगत नाही. पकडलेल्या प्राण्याच्या कातडीखाली सूक्ष्म चिप बसवतात. पुढचं गणित सोपं. पहिल्या फेरीत ३० खुणा केल्या, दुसऱ्या फेरीत २८ सापडले, त्यांतले २० खुणांचे. तर एकूण अंदाज ३० गुणिले २८ भागिले २०, म्हणजे ४२. पण हे ४२ कुणाचे? उत्तम अधिवास असलेल्या माथ्यावरच्या धोंड्यांत माद्या राहतात, नर बराचसा काळ उतारावर खाली असतात. सापळे फक्त माथ्यावर लावले तर मोजल्या जातात त्या मुख्यतः माद्या. माद्या जास्तीत जास्त १२ वर्षं जगलेल्या नोंदल्या आहेत, नर त्याच्या निम्मेही नाहीत. तेव्हा ‘माद्यांच्या दुप्पट’ असं झटकन लिहायचं नाही. लिंगगुणोत्तर झुकलेलं असेल तर प्रौढांचा आकडा कमी धरावा, असंच नियमावली सांगते. मादीच्या पिशवीतली पिल्लं मुळीच धरायची नाहीत. तिला स्तन चारच, त्यामुळे चारांहून जास्त पिल्लं वाचत नाहीत, आणि ऑस्ट्रेलियाच्या वसंतात वर्षातून एकदाच विणणं.

शैवाकाशी आलो की ‘एक’ हा शब्दच हातातून निसटतो. नारळाच्या खोडावर डिरिनॅरिया हे राखाडी शैवाक बघा. कडेच्या पाळ्या सालीला इतक्या घट्ट चिकटलेल्या की नख जात नाही. जुन्या गोलाचा मधला भाग कधीच झडून गेलेला असतो. उरते ती कड, आणि तीही सलग नसते, दोन-तीन कमानी राहतात. शेजारच्या गोलाची पाळी येऊन त्यातल्या एका कमानीला भिडलेली, दोन्हींच्या मधली शिवण भिंगातूनही पुसट. हे एक की दोन की चार? दोन जाणकार मोजायला बसले तर दोन आकडे येतील आणि दोन्ही प्रामाणिक असतील. एकाच गोलात मुळात दोन बीजाणूंपासून झालेल्या वाढी मिसळलेल्या असू शकतात, आणि चार तुकडे एकाच मूळ शैवाकाचे असू शकतात. शिवाय शैवाक हा एक जीव नव्हेच : कवक आणि त्याच्या पोटात राहून अन्न करणारं शैवल किंवा सायनोबॅक्टेरिया यांचा तो संसार. श्रेणी ठरते ती कवकाची.

यावर शैवाकतज्ज्ञांनी तोडगा काढला आहे तो ‘कार्यात्मक व्यक्ती’चा. सालीवरचं शैवाक असेल तर ज्या झाडावर ती जात आहे ते झाड म्हणजे एक व्यक्ती, मग त्यावर चाळीस गोल असोत की एक. दगडावर किंवा जमिनीवर असेल तर व्यापलेला एक चौरस मीटर म्हणजे एक व्यक्ती. आम्हाला हा तोडगा मनापासून पटतो, कारण त्याच्यात जीवशास्त्र आहे : झाड पडलं तर त्यावरचं सगळंच जातं, चाळीस गोलांना चाळीस वेगळी नशिबं नसतात. आणि झाड मोजताना दोन माणसांचे आकडे जुळतात. निकष डी बघा : ५०च्या आत प्रौढ असतील तर अतिसंकटग्रस्त, २५०च्या आत संकटग्रस्त, १,०००च्या आत असुरक्षित. गोल मोजले तर एका आंब्यावरच पन्नास भरतील आणि सगळं ठीकठाक वाटेल. झाडं मोजली तर खरी गोष्ट दिसते. क्लॅडोनिया पर्फोराटाला तर बीजाणूंची फळं धरतच नाहीत, पुनरुत्पादनाची भुकटीही नाही. वाळलेली फांदी तुटते, तुकडा वाऱ्यापाण्याने जातो तिथे वाढतो. अशा जातीत कुठली उशी ‘प्रौढ’ आणि कुठली नाही हे वेगळं काढता येत नाही. म्हणून व्यापलेला चौरस मीटर हेच माप धरणं बरं.

आपल्या भागात झाडं मोजायची तर खोड नीट निवडावं लागतं. घेर ७० सेंमीच्या वर, खोड फार तिरकं नको, साल सुटणारी नको. पेरू, निलगिरी, ताम्हण बाद. त्यांची साल शैवाकासकट गळते. आंबा, फणस, नारळ, विलायती शिरीष चांगले. जमिनीपासून एक मीटरवर सुरुवात करून वरच्या बाजूला १० सेंमी रुंद, ५० सेंमी उंच शिडीसारखी जाळी धरायची, तिच्यात १० × १० सेंमीचे पाच चौकोन. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी चार ठिकाणं. प्रत्येक जात किती चौकोनांत आहे तेवढं लिहायचं. जाळी वायरची किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर आखलेली असली तरी चालते, सुतळीची ओली झाली की आखडते.

शहरातला मोठा अडथळा गेरू-चुन्याचा. सोसायटीत आणि रस्त्याकडेला खोडं नेमकी तेवढीच रंगवलेली असतात जेवढ्यावर जाळी बसते. रंगाखालचं शैवाक मरतं, आणि नंतर चुन्यामुळे सालीचा आम्लपणा बदलून भलत्याच जाती येतात. रंग उडालेलं खोड कोरं दिसतं म्हणून प्रदूषणावर खापर फोडलं जातं. सरळ माळीकाकांना विचारावं, ‘काका, या झाडाला चुना शेवटचा कधी लावला होता?’ त्यांना पक्कं माहीत असतं, बहुतेक वेळा कुठल्या सणाच्या आधी तेसुद्धा. रंगवलेलं झाड मोजणीतून वगळा, शून्य म्हणून लिहू नका.

पावसाळ्यात काम टाळावं. साल भिजली की शैवाकाचं आवरण पारदर्शक होऊन आतलं शैवल दिसतं आणि राखाडी गोष्ट हिरवी होते. फोटोवरून ओळख चुकते. त्याच दिवसांत भिंतींवर आणि खोडांवर नारिंगी मखमल चढते ती ट्रेंटेपोहलिया, नुसतं शैवल. तिला शैवाक म्हणून नोंदणारे बरेच असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

पिक्सिन आणि डिरिनॅरिया हे दोन राखाडी भाऊ ठाण्याच्या झाडांवर शेजारी-शेजारी असतात आणि लांबून एकसारखे दिसतात. दहापट भिंगाने कडेची पाळी हलकेच उचलून बघा : पिक्सिनला खाली मुळांसारखे काळे धागे असतात, डिरिनॅरियाला नसतात. खात्रीसाठी दोन चाचण्या. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं १० टक्के द्रावण (१० ग्रॅम क्षार, पाणी घालून १०० मिली) टूथपिकच्या टोकाने वरच्या आवरणावर टेकवायचं. डिरिनॅरिया पिवळं पडतं, पिक्सिन कोकोस बदलत नाही. मग ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा : पिक्सिन कोकोस लख्ख पिवळं चमकतं. बाजारात नोटा तपासायच्या स्वस्त टॉर्च मिळतात त्यांतल्या बऱ्याच ३९५ नॅनोमीटरच्या असतात. त्यांचा जांभळा उजेडच एवढा असतो की चमक त्यात हरवते. ब्लीचची चाचणी करायची असेल तर बाटली ताजी हवी, उघडून काही महिने झालेल्या ब्लीचने काहीच रंग येत नाही आणि आपण ‘नाही’ लिहून मोकळे होतो. हातमोजे, चष्मा घालूनच. क्षार कातडी जाळतो. आणि हे सगळं उद्यानाबाहेरच्या झाडांवर, दोन-तीन मिलिमीटरच्या तुकड्यावर. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथून सालीचा कपटाही उचलायचा नाही, पडलेली फांदीसुद्धा नाही. तिथे फक्त फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. ठाम ओळख लागलीच तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि लखनौच्या एनबीआरआय या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत शैवाकांचे संग्रह आहेत.

तिसरा रकाना पिढीचा. घट मोजायची ती १० वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांतला जो काळ मोठा असेल त्यात. पिढी म्हणजे सध्याच्या पिल्लांच्या आईबापांचं सरासरी वय. पोसमची पिढी तीन वर्षांची धरली तरी तीन पिढ्या ९ वर्षं होतात, म्हणून घट मोजायची खिडकी १० वर्षांची. शैवाकाला पिढी किती? हळू वाढणाऱ्या जातींसाठी ती १० वर्षं किंवा त्याहून जास्त धरतात. २० धरली तर खिडकी ६० वर्षांची. हे नुसतं तांत्रिक वाटतं, पण आकडे मांडून बघा. एखादी जात दरवर्षी २ टक्क्यांनी घटते आहे. १० वर्षांत घट १८ टक्के, म्हणजे निकष ए लागतच नाही, कारण तो ३० टक्क्यांपासून सुरू होतो. ३० वर्षांत तीच घट ४५ टक्के, असुरक्षित. ६० वर्षांत ७० टक्के, म्हणजे ५०ची पायरी ओलांडून संकटग्रस्त. घटीचा वेग तोच, झाडं तीच, बदलला फक्त पिढीचा आकडा. म्हणूनच पिढीचा आकडा कुठून घेतला ते पुराव्यासकट लिहायचं : कायम खुणेच्या फोटोंवरून वाढीचा वेग, पहिली फळं धरायला लागणारा काळ. अंदाज असेल तर किमान आणि कमाल दोन्ही घेऊन श्रेणीचा पल्ला द्यावा. ‘शैवाकं हळू वाढतात’ एवढ्यावर २० लिहिणं आम्हाला मान्य नाही. पानांवर वाढणारी शैवाकं एका पानाच्या आयुष्यात सगळं उरकतात.

साठ वर्षांपूर्वीची आकडेवारी कुणाकडेच नसते. मग संग्रहांत वाळवून ठेवलेले जुने हर्बेरियम नमुने काढायचे, त्यांवरचं ठिकाण वाचायचं आणि तिथे आज झाड तरी आहे का ते बघायचं. यातून निघते ती ‘अनुमानित’ घट. नियमावलीत पाहिलेली, अंदाजलेली, अनुमानित, संशयित अशा पायऱ्या आहेत आणि आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत ते लिहावं लागतं. ‘परिसरातली बरीच झाडं तोडली गेली’ हे वाक्य उपयोगाचं नाही. तोडलेल्या झाडांपैकी किती झाडांवर ही जात होती, हे हवं.

चौथा रकाना ठिकाणांचा. निकष बीमध्ये, म्हणजे वर पाहिलेल्या क्षेत्राच्या निकषात, एक, पाचपर्यंत आणि दहापर्यंत ‘ठिकाणं’ अशा पायऱ्या आहेत, आणि नकाशावरचे ठिपके मोजून तिथे आकडा भरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. ठिकाण ठरतं संकटावरून : एकाच घटनेने थोड्या काळात जेवढ्या भागातल्या सगळ्या व्यक्तींना फटका बसेल, तेवढा भाग म्हणजे एक ठिकाण. १९९५च्या ओपल चक्रीवादळात सांता रोझा बेटावरच्या क्लॅडोनियाचा मोठा भाग वाहून गेला. वादळाच्या हिशेबात त्या बेटावरच्या साऱ्या वसाहती मिळून एकच ठिकाण. लेक वेल्स रिजवर मात्र संकट आगीचं आणि जमीन मोकळी करण्याचं. तिथे प्रत्येक झुडपी तुकडा वेगळा जळतो, म्हणून वेगळा मोजायचा. ठाण्यात एखादा रस्ता रुंद करायचा ठरला आणि त्याच्या दोन्ही कडांना दोनशे झाडं असली तर ती दोनशे झाडं मिळून एक ठिकाण, कारण निर्णय एकच आहे.

पोसमचा हा रकाना भरताना हात थबकतो. तीन डोंगरी भाग : माउंट बुलर, बोगाँग ते हॉथम, आणि कोझिअस्को. तिन्हींच्या मध्ये दऱ्या, प्राणी एकीकडून दुसरीकडे जात नाही. दगडांचा ढीग उकरून स्की उतार केला तर फटका एका भागापुरता. पण वसंतात बर्फातून उठल्यावर पोसमला लागतात बोगाँग पतंग. ते शेकडो किलोमीटर दूरच्या मैदानांतून उडून डोंगरात येतात. २०१७ ते २०१९च्या दुष्काळात ते इतके घटले की माद्यांची दुधावरची पिल्लं उपाशी गेली. २०२१मध्ये खुद्द पतंगच लाल यादीत संकटग्रस्त म्हणून आला. पतंगाच्या हिशेबाने पाहिलं तर तिन्ही डोंगर मिळून जवळपास एकच ठिकाण. एकाहून जास्त संकटं असतील तर सर्वांत गंभीर आणि वाजवी वाटणाऱ्या संकटाने ठिकाण ठरवा, असा नियम आहे. आम्ही भरताना दोन्ही आकडे लिहिले आणि पतंगाचा मुख्य धरला.

तुकडे पडण्यातही दोघांची तऱ्हा वेगळी. बुलरवरचे पोसम एकटे पडून आपसातच विणत गेले आणि संख्या कोसळली. २०११पासून हॉथमचे नर तिथे आणून सोडल्यावर ती सावरली. बीजाणू उडवणाऱ्या शैवाकाला मधली दरी अडवत नाही, पण त्या बीजाणूला पलीकडे योग्य शैवल भेटायला हवं. आणि तुटलेल्या फांदीवर जगणाऱ्या क्लॅडोनियाला मधला डांबरी रस्तासुद्धा पुरेसा आहे.

एवढं भरून झाल्यावर निकष बीसाठी तीनपैकी दोन अटी दाखवाव्या लागतात : तुकडे किंवा थोडी ठिकाणं, चालू घट, आणि टोकाचे चढउतार. नुसतं क्षेत्र लहान आहे म्हणून श्रेणी मिळत नाही. हे विसरून पाठवलेले अर्ज परत येतात. दोन अटी जुळत नसतील आणि इतर निकषही लागत नसतील तर माहिती पुरेशी असल्यास ‘संकटसमीप’ किंवा ‘कमी चिंतेची’, नसल्यास ‘अपुरी माहिती’. या दुसऱ्या शेऱ्यात कमीपणा काही नाही. गोड्या मसाल्यातलं दगडफूल घ्या. पार्मोट्रेमा आणि त्याच्या जवळच्या जाती हिमालयातून आणि पश्चिम घाटातून पोत्यांनी येतात, एका पुडीत एकाहून जास्त जाती मिसळलेल्या असतात, आणि पोत्यावर कुठल्या झाडावरून काढलं ते लिहिलेलं नसतं. त्याचं मूल्यांकन करायचं तर आधी पुडीतल्या जाती वेगळ्या करण्यापासून सुरुवात आहे.

मूल्यांकन १० वर्षांनी जुनं समजलं जातं, म्हणून आजची नोंद तेव्हाच्या माणसाला वापरता येईल अशी हवी. प्रत्येक झाडाला जीपीएसचा बिंदू, सव्वा मीटरच्या आसपास एकाच उंचीवर मोजलेला घेर, झाडाची जात, आणि कुठल्या दिशेला जाळी धरली ते. फोनचा जीपीएस दाट फांद्यांखाली दहा-पंधरा मीटर चुकतो, तेवढ्यात तीन आंबे येतात. तेव्हा घेर आणि जवळच्या पक्क्या खुणेपासूनचं अंतर, म्हणजे विहीर, मंदिराचा कट्टा, विजेचा खांब, हेही लिहा. खिळा ठोकून पत्र्याचा बिल्ला लावू नका. पाऊस पडला की लोखंडाचा आणि तांब्याचा ओघळ खाली उतरतो आणि नेमकी आपली जाळी असते तिथलं शैवाक मारतो.